दत्तक चिंचिला घरी आल्यावरचा पहिला महिना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या न्यू जर्सीच्या घराच्या बेसमेंटमध्ये गेली काही वर्षं रेस्क्यूमधून, म्हणजे सोडून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून, आलेल्या चिंचिलांचा राबता आहे. बहुतेक जणी काही आठवडे राहून कायमच्या घरी जातात. मिरी आणि पिंट्या मात्र इथेच राहिले. मंडळाच्या गणपतीला, मुलांच्या वाढदिवसाला, अगदी किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा लोक तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मी व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, नाही. खाली औषधांचे डोस सापडणार नाहीत, आणि कुठे सापडले तरी स्वतःच्या मनानं देऊ नका.

चिंचिला म्हणजे नक्की काय? ससा की उंदीर?

सासूबाई कोल्हापुराहून पहिल्यांदा आल्या तेव्हा पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कान उंदराचे, शेपूट खारीची, अंग सशाचं. देवाकडे उरलेसुरले भाग होते वाटतं." वर्णन अगदी बरोबर आहे. चिंचिला कृंतक गणातली, म्हणजे उंदीर-खारीच्या गोतावळ्यातली, आणि गिनीपिगची लांबची नातेवाईक. मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. रानातल्या चिंचिला फरच्या हव्यासापायी जवळजवळ संपल्या. आज त्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत आणि चिलीत इयापेलजवळ त्यांच्यासाठी राखीव अभयारण्य आहे.

1923 साली मॅथायस चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्यानं चिलीहून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात आणल्या, तेही फरच्या धंद्यासाठीच. इथल्या बऱ्याच पाळीव चिंचिलांचं मूळ तिथवर जातं असं मानतात. त्यानं त्यांना डोंगरावरून एका दमात खाली आणलं नाही. टप्प्याटप्प्यानं, खालच्या हवेची सवय करत करत आणलं आणि बोटीवर बर्फानं गार ठेवलं. तुम्ही तर नुसते पलीकडच्या गावातून गाडीत घालून आणताय. तरी घाई नको, एवढंच सांगायचंय.

रेस्क्यूवाले म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. मग वेगळं कशाला ठेवायचं?

ते खोटं बोलत नाहीत. त्यांना जेवढं दिसलं तेवढं ते सांगतात. चिंचिला हा इतरांचं भक्ष्य असलेला प्राणी आहे. रानात जी आजारी दिसते ती आधी मारली जाते, म्हणून दुखणं लपवणं तिच्या रक्तातच असतं. त्यात रेस्क्यूमध्ये एका छपराखाली दहा घरांतून आलेले प्राणी. कुणाच्या अंगावर बुरशीचे कण असतात, कुणाच्या पोटात जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी असतो, आणि वरून सगळ्या गुबगुबीत दिसतात. घर बदलण्याचा ताण आला की दबलेलं दुखणं डोकं वर काढतं. ते वर यायचंच असेल तर बंद दाराच्या एका खोलीत येऊ द्या, म्हणजे तुमच्या जुन्या चिंचिलाच्या शेजारी येणार नाही.

किती दिवस? तीसच का?

तीस हा आकडा पंचांगातून काढलेला नाही. गजकर्णाची, म्हणजे त्या बुरशीची, लागण झाल्यावर चट्टा दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. केसांचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून बघायचा तर त्याचा निकाल यायलाही दोन-तीन आठवडे जातात. जिआर्डिया रोज लेंडीतून बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे एक नमुना स्वच्छ आला म्हणून सुटलो असं होत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावे लागतात. हे सगळं जोडलं की महिना होतो. मधेच काही निघालं तर उपचार संपून तपासणी स्वच्छ येईपर्यंत मुदत वाढते.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. विसाव्या दिवशी त्याच खोलीत आणखी एक नवा पाहुणा आणलात, तर दोघांचीही मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आमच्याकडे दुसरा कुठलाच प्राणी नाही. तरीही?

मग एवढं कडक पाळायची गरज नाही, पण महिना मोजाच. गजकर्ण माणसांनाही होतं आणि घरातली लहान मुलं त्याला आधी बळी पडतात. शिवाय या महिन्यात तुम्हाला तिची ओळख होते. ती किती खाते, कधी झोपते, कान कसे ठेवते, लेंड्या किती टाकते. हे "नेहमीचं" एकदा डोळ्यांत बसलं की पुढच्या पंधरा वर्षांत काही बिघडलं तर लगेच कळतं. पंधरा हा आकडा मी चुकून लिहिलेला नाही. नीट सांभाळलेल्या चिंचिला दहा ते वीस वर्षं जगतात. मूल चौथीत असताना आणलेली चिंचिला मूल कॉलेजात गेलं तरी घरात असते, आणि रेस्क्यू भरून वाहण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

वेगळं म्हणजे कुठे ठेवायचं?

दार बंद होणारी खोली हवी. हॉलचा दुसरा कोपरा म्हणजे वेगळी खोली नव्हे. चिंचिलाच्या अंगातून बारीक धूळ आणि केस सतत उडत असतात आणि त्यांच्याबरोबर बुरशीचे कणही. इथल्या घरांत एकच यंत्र सगळ्या खोल्यांना हवा पुरवतं, म्हणून त्या महिन्यात फर्नेसचा फिल्टर नवा घाला आणि महिना संपल्यावर पुन्हा बदला.

बेसमेंट उत्तम, कारण तिथे गारवा असतो. चिंचिलाला 60 ते 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 15 ते 21 सेल्सियस मानवतं. 80 फॅरनहाइटच्या पुढे उष्माघाताची भीती. इथले पाळणारे एक ढोबळ हिशोब वापरतात. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या ओलाव्याची टक्केवारी यांची बेरीज करायची. ती 150 च्या खाली राहिली पाहिजे. 70 अधिक 50 म्हणजे 120, निर्धास्त राहा. जुलैत एसी बंद पडून 85 अधिक 70 झाले की 155, आता पळा. भिंतीवर तापमान आणि ओलावा दोन्ही दाखवणारं घड्याळ लावा. बेसमेंट गार असलं तरी दमट असू शकतं, तिथे डीह्युमिडिफायर लागतो.

कान लालबुंद, तोंड उघडून श्वास, आडवं पडून राहणं, लाळ. हे दिसलं तर गार खोलीत न्या, गारेगार पाण्यात बुडवू नका, आणि व्हेटला फोन करत गाडीत बसा.

रोजची कामं कुठल्या क्रमानं करायची?

आजीचं सोवळं आठवा. आधी देवघर, मग बाकीचं घर. इथे आधी जुने प्राणी, मग नवा. नव्याकडून जुन्याकडे त्याच कपड्यांत परत जायचं नाही. मी खोलीच्या दाराला एक जुना लांब बाह्यांचा शर्ट टांगून ठेवते. आत जाताना चढवायचा, बाहेर येताना तिथेच उतरवायचा, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. चपलाही वेगळ्या. सुपडी, झाडू, पाण्याची बाटली, गवताची टोपली, धुळीच्या अंघोळीचं भांडं, वजनाचं पातेलं, सगळं त्या खोलीचं वेगळं. लाल चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर घरातली मंडळी प्रेमानं सगळं एकत्र धुवून ठेवतात.

आधीच्या घरातून आलेल्या लाकडी फळ्या आणि चघळायच्या काठ्या सरळ टाकून द्या. लाकडात मुरलेलं काही धुऊन निघत नाही. धातूचा पिंजरा घासूनपुसून, जंतुनाशक लावून, कोरडा करून वापरता येतो. कोरडा करणं महत्त्वाचं, कारण जिआर्डियाला ओल आवडते.

पहिल्या रात्री काय करायचं?

काही नाही. खरंच. पिंजरा आधीच मांडून ठेवा. लपायला लाकडी घर, मूठ-दोन मूठ टिमोथी गवत, आधीच्या घरी चालू होतं तेच गोळी-खाद्य, पाणी. कॅरियरचं दार पिंजऱ्याच्या दाराला लावा, तिच्या पायांनी तिला जाऊ द्या, दिवा मंद करा आणि निघून जा. फोटो नंतर. भारतात व्हिडिओ कॉल करून दाखवणंही नंतर.

सकाळी पाणी मात्र बघा. काही चिंचिला आधीच्या घरी वाटीतून पाणी प्यायच्या आणि बाटली म्हणजे काय ते त्यांना माहीतच नसतं. बाटलीतली पातळी हलली नसेल तर जड मातीची वाटी शेजारी ठेवा. बाटलीच्या नळीतली गोळी अडकलीय का, हेही बोटानं बघा. एकदा दीड दिवस मी चिंचिलाला दोष देत होते, दोष नळीचा होता.

ती काही खातच नाही. किती वेळ वाट बघू?

पहिली रात्र कमी खाणं समजण्यासारखं आहे. पण गवत, खाद्य सगळं तसंच आणि लेंड्याही नाहीत, असे बारा तास गेले तर व्हेटला फोन करा. चोवीस तास थांबू नका. चिंचिलाचं पोट सतत चालू राहायला हवं. ते थांबलं की आत वायू धरतो, आणि तिला ओकारी काढता येत नाही, ढेकरही नाही. तिला उपास घडवू नका, अगदी एकादशीलाही.

घरात क्रिटिकल केअर नावाची गवताची पूड एक पाकीट ठेवून द्या. व्हेटनं सांगितलं तर पाण्यात कालवून सिरिंजनं भरवतात. पोट फुगून टणक झालेलं असताना स्वतःहून भरवायला जाऊ नका.

आधीच्या घरी मनुके आणि सूर्यफुलाच्या बिया मिळायच्या. एकदम बंद करू?

मनुके, बिया, दाणे, सुकामेवा आजपासूनच बंद. मुख्य गोळी-खाद्य मात्र एकदम बदलू नका. रेस्क्यूकडून जुनं खाद्य पिशवीभर मागून घ्या आणि सात ते दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत न्या. दिवसाला एक-दोन टेबलस्पून खाद्य पुरे. बाकी सगळा कारभार गवताचा, आणि ते चोवीस तास समोर हवं. गवत नुसतं पोटासाठी नसतं. तिचे पटाशीचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात, आणि गवत चावून चावूनच त्या झिजतात.

आपल्याकडे आलेल्या आजी-आजोबांना हे पटवणं सगळ्यात अवघड. पाहुण्याला खाऊ द्यायचा नाही म्हणजे काय? आमच्याकडे सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात बेदाणे सापडायचे. शेवटी त्यांना वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणून दिल्या. फवारणी न केलेली एखादी पाकळी आठवड्यातून दोनदा चालते. ते खूश, चिंचिलाही खूश.

रोज वजन करायचं म्हणजे जरा अतीच नाही का?

एकच उपकरण घ्यायची ऐपत असेल तर मी ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेईन. मोठ्या चिंचिलाचं वजन साधारण 400 ते 600 ग्रॅम असतं, काहींचं जास्त. पण तिच्या अंगावर एवढी दाट लव असते की वीस-तीस ग्रॅम उतरले तर डोळ्यांना कळणारच नाही, हातालाही नाही.

मिरीचीच गोष्ट सांगते. आली त्या दिवशी 412. दुसऱ्या दिवशी 405, प्रवासाचा शीण म्हटलं. मग 398. मग 396. वरून बघितलं तर मस्त. गवत तोंडात घ्यायची, खाद्याच्या वाटीत तोंड घालायची. पाचव्या दिवशी मी मोबाइल टेकवून रात्रीचं चित्रण केलं. त्यात दिसलं की ती काडी उचलते, दोनदा चावते आणि टाकते. वाटीखाली अर्धवट कुरतडलेल्या गोळ्यांचा चुरा पडलेला. हनुवटीखालची लव किंचित ओली होती, बोट फिरवल्यावरच कळलं. व्हेटनं डोक्याचा एक्स-रे काढला. खालच्या दाढांना गालाच्या आणि जिभेच्या बाजूला टोकं आली होती. ती घासल्यावर आठवडाभरात वजन चढायला लागलं. काटा नसता तर मी तिला आणखी पंधरा दिवस "लाजाळू आहे" म्हणत बसले असते.

पहिले दहा दिवस रोज, एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. काट्यावर उंच काठाचं पातेलं ठेवायचं, तळाला फडकं, त्यात गवताची काडी. चौथ्या दिवसापासून त्या आपणहून उडी मारतात. पुढे आठवड्यातून दोनदा पुरे. सलग तीन दिवस उतरण दिसली की व्हेट.

लेंड्यांकडे किती लक्ष द्यायचं?

पेपर वाचतो तेवढं. चांगली लेंडी लहान कुरमुऱ्याएवढी, गडद तपकिरी, कोरडी, दाबली तर आत गवताचा भुसा. दिवसाला दोनशेच्या आसपास सहज पडतात, म्हणजे काळजी करायला भरपूर साहित्य असतं. बारीक, टोकदार, खडखडीत झाल्या तर खाणं किंवा पाणी कमी पडतंय. मऊ, चिकट, फळीला लेपल्यासारख्या झाल्या तर खाद्य बदलल्यामुळे असेल किंवा जिआर्डिया असेल, ते नमुन्यावरून कळेल. पहिल्या महिन्यात पिंजऱ्याच्या तळाशी साधं फिक्या रंगाचं फ्लीसचं कापड अंथरा. भुशात काही दिसत नाही, फ्लीसवर सगळा हिशोब उघडा असतो.

लघवी नारिंगी किंवा लालसर दिसली तर लगेच घाबरू नका. बऱ्याचदा हवेत राहून तिचा रंग बदलतो. ताजी लघवीच लाल असेल किंवा करताना ती कण्हत असेल, तर व्हेट.

व्हेटकडे कधी आणि काय तपासून घ्यायचं?

पहिल्या आठवड्यात. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा व्हेट चालेलच असं नाही. "एक्झॉटिक" प्राणी बघणारा शोधा, आणि चिंचिला आणायच्या आधी शोधा. जाताना सकाळच्या ताज्या लेंड्या डबीत न्या. दात आणि दाढा, हनुवटीखालची ओल, डोळे, कान, तळपाय, नाकाभोवतीची कातडी बघायला सांगा. नर असेल तर केसांचं वेटोळं अडकलंय का तेही बघायला सांगा. नराच्या लिंगाभोवती आतून केसांचं कडं तयार होतं, ते वेळेत काढलं नाही तर रक्तपुरवठा तुटतो. कसं बघायचं ते तिथेच शिकून घ्या. पहिल्यांदा सगळेच लाजतात.

आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या जातीची तोंडानं द्यायची औषधं, तसंच क्लिंडामायसिन, चिंचिलाच्या पोटातले उपयोगी जंतू मारून तिचा जीव घेऊ शकतात. घरात मुलाचं उरलेलं गुलाबी औषध असतं ना, ते हेच. त्याला हात लावायचा नाही.

केसांचा पुंजका पडला. गजकर्ण आहे का?

घाबरून पडला असेल तर खालची कातडी स्वच्छ, गुळगुळीत, गुलाबी असते. चिंचिला शत्रूच्या तोंडात केस सोडून पळते. तुम्ही घट्ट धरलंत तर तुमच्या हातातही सोडेल. केस मधूनच कातरल्यासारखे, पाठीवर पायऱ्या पाडल्यासारखे दिसत असतील तर ती स्वतः कुरतडते आहे किंवा आधीच्या घरी जोडीदारानं कुरतडलेत. नाक, डोळ्यांभोवती, कानांवर किंवा पायांवर टक्कल पडून वर खपली, कोंडा, लाली असेल तर मात्र गजकर्ण धरून चाला आणि व्हेटकडे नमुना द्या. नव्या, निर्जंतुक टूथब्रशनं केस विंचरून तो ब्रशच प्रयोगशाळेत पाठवतात. साधी युक्ती आहे.

आता माझी चूक. आमची दुसरी फॉस्टर, म्हणजे तात्पुरती सांभाळायला घेतलेली चिंचिला, आली तेव्हा मी तीस दिवसांबद्दल वाचलं होतं, खोलीही वेगळी केली होती. पण थंडीचे दिवस, आणि माझा एक लाडका स्वेटशर्ट. नव्या पाहुणीला कुशीत घेऊन बसायचे आणि तोच घालून वर पिंट्याला गवत द्यायला जायचे. अडीच आठवड्यांनी पिंट्याच्या नाकावर चवलीएवढं टक्कल. त्याच आठवड्यात मुलीच्या दंडावर गोल लाल चट्टा. बरं व्हायला तिघांना मिळून दोन महिने लागले, आणि गालिचा, पडदे, सोफा धुण्यात माझा अख्खा मार्च गेला, कारण बुरशीचे ते कण घरात महिनोन्महिने तग धरतात. स्वेटशर्ट टाकून दिला.

फोनवरून "हळद आणि खोबरेल तेल लाव" असे सल्ले येतील. तिच्या अंगाला तेल लावू नका. ती लव तेलानं चिकटून गोळा होते आणि जे चाटलं जातं ते पोटात जातं.

धुळीची अंघोळ पहिल्या दिवसापासून द्यायची का?

दोन दिवस थांबा. डोळ्यांना चिपडं किंवा पाणी असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. मग आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. धूळ म्हणजे चिंचिलासाठी विकतात ती ज्वालामुखीच्या दगडाची मऊ पूड. समुद्राची वाळू नव्हे, टाल्कम पावडर तर नव्हेच. या महिन्यात प्रत्येक वेळी थोडीच धूळ घाला आणि नंतर फेकून द्या, जुन्या चिंचिलाच्या डब्यात मिसळू नका.

रेस्क्यूमधून कधी कधी शूनं पिवळी पडलेली, वास मारणारी चिंचिला येते. तिला पाण्यानं अंघोळ घालायचा मोह आवरा. एवढी दाट लव आतपर्यंत वाळत नाही, थंडी भरते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. पोटाखालचा मळलेला भाग ओल्या फडक्यानं टिपा, कोरडा करा. बाकी काम धूळ करते, तीन-चार अंघोळींत फरक पडतो.

"दोघी बहिणी आहेत" असं सांगून दिल्यात. एकत्र ठेवू ना?

एकत्र आल्या असतील आणि भांडत नसतील तर एकत्रच विलग करा. पण त्या खरंच बहिणी आहेत का, हे व्हेटकडून आधी बघून घ्या. मादीच्या मूत्रमार्गाचा बारीक सुळका नरासारखाच दिसतो, त्यामुळे अनुभवी माणसंही फसतात. बघायचं ते तो सुळका आणि गुदद्वार यांमधलं अंतर. नरात स्पष्ट जागा असते, मादीत जवळजवळ नसतेच.

आमच्याकडे एकदा "दोघे भाऊ" आले. पाचव्या दिवशी व्हेटकडे कळलं की एक भाऊ बहीण आहे. त्याच दिवशी वेगळे केले आणि मी कालनिर्णयवर 111 दिवस मोजून लाल पेनानं गोल केला, कारण चिंचिलाचा गर्भकाळ तेवढा असतो. नवव्या आठवड्यात एका पहाटे दोन पिल्लं, म्हणजे ती येतानाच गाभण होती. डोळे उघडे, अंगभर केस, तासाभरात फळीवर चढायच्या खटपटीत. नर वेगळा नसता तर ती बाळंत झाल्या झाल्या पुन्हा गाभण राहू शकली असती, म्हणून ती पाच दिवसांतली तपासणी इतकी मोलाची. नराबरोबर राहिलेली कुठलीही मादी आणलीत तर हा 111 चा गोल कॅलेंडरवर हवाच.

हातात कधी घेता येईल? मुलं रोज विचारतात.

तीन-चार दिवस नुसते पिंजऱ्याजवळ बसा. गृहपाठ करा, फोनवर बोला, तिला तुमचा आवाज ऐकू दे. मग दारातून हात आत सपाट ठेवून वाट बघा. ती हुंगेल, हलकेच दात लावून पाहील. हात झटकू नका. पिंट्या तिसऱ्या दिवशी मनगटावर बसला, मिरीला सात आठवडे लागले. वजन किंवा तपासणीसाठी उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. बिचकून उडीच मारत असेल तर शेपटीच्या बुडाशी धरा, टोकाला कधीच नाही.

बाहेर मोकळं सोडणं दुसऱ्या आठवड्यापासून, त्याच खोलीत किंवा त्याला लागून असलेल्या बाथरूममध्ये. कमोडचं झाकण बंद, वायरी उचललेल्या. चिंचिला सरळ वर तीन-चार फूट सहज उडते.

रात्री दोन वाजता भुंकल्यासारखा आवाज येतो!

तो धोक्याचा इशारा. पाइप वाजला, हिटर सुरू झाला, कुणी जिन्यावर शिंकलं, की नवी चिंचिला भुंकते. जाऊन मंद आवाजात दोन शब्द बोला, बस. दातांचा कटकट आवाज आणि मागच्या पायांवर उभं राहणं म्हणजे "लांब राहा". मादी असेल तर याच्या पुढची पायरी शूची पिचकारी, आणि नेम चांगला असतो. चष्मा लावून जा.

पुण्यात किंवा नागपुरात पाळता येईल का?

भाचा दर उन्हाळ्यात विचारतो. वरचाच हिशोब करा. मुंबईत 30 सेल्सियस म्हणजे 86 फॅरनहाइट, अधिक पावसाळ्यातला 80 टक्के ओलावा, बेरीज 166. नागपूरच्या मे महिन्यात ओलावा कमी, पण नुसत्या तापमानानंच खेळ खलास. बारा महिने चोवीस तास एसी, वीज गेल्यावर लगेच चालू होणारा जनरेटर आणि चिंचिला बघितलेला व्हेट, हे तिन्ही असेल तरच विचार करा. माझं उत्तर नाही असं आहे. हौस असेल तर गावातल्या एखाद्या बेघर मांजराला घर द्या.

तीस दिवस झाले. आता जुन्या चिंचिलाच्या पिंजऱ्यात सोडू?

नको. आधी तीन लेंडी-नमुने स्वच्छ, केसांची तपासणी स्वच्छ, वजन स्थिर किंवा चढतं, हे तिन्ही वहीत दिसू दे. मग पिंजरे एका खोलीत आणा, मधे हातभर अंतर ठेवा, कारण जाळीतून बोटं चावली जातात. आठवड्यानं धुळीचं भांडं एकमेकींत फिरवा, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग दोघींनाही अनोळखी अशा जागी, आम्ही कोरड्या बाथटबमध्ये टॉवेल टाकतो, दहा मिनिटांची भेट. हाताशी जाड हातमोजे. एकमेकींवर चढणं, थोडी पळापळ, चिडचिड चालते. केस उडाले किंवा रक्त दिसलं तर बंद, आठवडाभर थांबून पुन्हा. नर आणि मादी असतील तर ही भेट नकोच. नराची नसबंदी झाली असेल तरी त्यानंतर काही आठवडे तो बाप होऊ शकतो, किती थांबायचं ते व्हेट सांगेल.

सगळ्यांचं जमतंच असं नाही. मिरी आणि पिंट्या, त्याची नसबंदी होऊन तीन वर्षं झाली तरी, शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत राहतात. झोपताना मात्र दोघंही मधल्या बाजूच्या फळीवर येऊन बसतात, हातभर अंतरावर.